हौशी रेडिओसाठीं घरीं बांधलेला २० अँपियरचा वीजसंच

उदगीर म्हटलें कीं इतिहासाच्या वाचकास १७६० सालची लढाई आठवते. सदाशिवरावभाऊंनीं निजामास तेथें नमविलें, आणि त्या विजयाचें वर्तमान पुण्यास पोंचविण्याचें काम सर्वस्वीं जासूद व स्वार यांच्या धांवेवर अवलंबून होतें. त्यानंतर २३३ वर्षांनीं, आज ज्यास लातूर जिल्हा म्हणतात त्याच मुलुखांत, वर्तमान पोंचविण्याचा प्रश्न पुन्हां तितक्याच निकरानें उभा राहिला. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशीस गणपतीचें विसर्जन करून लोक निजले होते, आणि चारच्या सुमारास किल्लारी व आसपासचीं गांवें मातीस मिळालीं. दगडमातीच्या भिंतींवर पेललेलीं जड माळवदें निजलेल्यांच्या अंगावर आलीं, आणि सुमारें दहा हजार माणसें गेलीं. जेथें घरेंच उरलीं नाहींत, तेथें तारांचा भरंवसा काय धरावा? त्या दिवसांत बाहेरच्या जगाशीं बोलण्यास ज्यांची मदत झाली, त्यांत हौशी रेडिओवाले, ज्यांस इंग्रजी जगांत ‘हॅम’ म्हणतात, हेही होते.

हा छंद म्हणजे केवळ खेळ नव्हे. परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो. १९७८ च्या नियमांत त्यासाठीं वयाची अट अवघी १२ वर्षांची ठेविली होती, म्हणजे मुंज झालेला मुलगा थोड्याच वर्षांत या परीक्षेस बसूं शके. मुलींसही तोच नियम. अशा एखाद्या मुलानें अगर मुलीनें हा नाद घेतला, कीं घरांतील वडीलधाऱ्यांपुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो रेडिओचा नव्हे, तर त्याच्या अन्नाचा. संच बाजारांतून आणतां येतो. परंतु तो भिंतीवरील २३० व्होल्टांवर चालत नाहीं. मोटारगाडींतही वापरतां यावा म्हणून तो १३.८ व्होल्टांचा केलेला असतो, आणि १०० वॅटचा संच बोलतांना सुमारें २० अँपियर ओढतो. १३.८ गुणिले २० म्हणजे २७६ वॅट. त्यांतील निम्म्याहून कमीच आकाशांत जातात, बाकी सारे उष्णतेंत खर्ची पडतात. ऐकतांना मात्र तोच संच एकदोन अँपियरांवर समाधानी असतो.

तयार वीजसंच विकत मिळतात, आणि खरें सांगावयाचें तर घरीं बांधलेला त्याहून स्वस्त पडेलच असें नाहीं. हलके, लहान, जलद उघडझांप करून चालणारे ते डबे पुष्कळ घरांत आहेत. परंतु त्यांतील हलक्या प्रतीचे कित्येक डबे स्वतःच इतकी खरखर करितात कीं दूरच्या स्टेशनचा क्षीण आवाज तींत बुडून जातो. शिवाय ते बिघडले म्हणजे फेंकावेच लागतात. जुन्या पद्धतीचा, जाड ट्रान्सफॉर्मरचा संच जड असतो, तापतो, जागा अडवितो. पण तो मुका असतो, आणि त्याचा प्रत्येक भाग हातांनीं बदलतां येतो. प्रस्तुत लेखकाचा कल या दुसऱ्याकडे आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

सर्व संचाचा जीव ट्रान्सफॉर्मरांत. लहान गांवांत तो नवा गुंडाळून घेण्यापेक्षां एक तोड बरी असते. लोडशेडिंगच्या काळांत मराठवाड्यांत घरोघरीं इन्व्हर्टर आले, आणि त्यांपैकीं जे मेले त्यांचे ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याकडे पडलेले असतात. अशा ट्रान्सफॉर्मरच्या जाड वेटोळ्याच्या दोन टोंकांमध्यें बहुधा १८ व्होल्टांच्या आसपास मिळतात. मात्र तें मोजून पाहिल्याखेरीज घेऊं नये. १३.८ हवे असतांना १८ कां, असें घरांतील चिकित्सक काका विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर उदगीरच्या भोवतालच्या शेतांत आहे. शेतांतील मोटारी एकदम चालू झाल्या कीं २३० चे १८० होतात. तेव्हां १८ व्होल्टांचे १४ उरतात. त्यांचें शिखर १.४१४ नें गुणून सुमारें २०; त्यांतून डायोडांत २ जातात आणि लहरींत आणखी सुमारें २; म्हणजे खालची पातळी १६ वर राहते आणि काम कसेंबसें निभतें. तोच १५ व्होल्टांचा ट्रान्सफॉर्मर घेतला असता तर ती पातळी १३ च्याही खालीं उतरून बोलणाऱ्याच्या आवाजांत घुर्र उमटली असती.

आतां लहरींविषयीं. आपल्या घरांतील वीज सेकंदास ५० वेळां उलटसुलट वाहते. चार डायोडांच्या जोडणीनें ती एकाच दिशेस वळविली म्हणजे सेकंदास १०० उंचवटे होतात आणि दोन उंचवट्यांमधला खळगा कपॅसिटरनें भरून काढावा लागतो. पाणी येण्याच्या दोन वेळांमध्यें घराची तहान हौदानें भागवावी, तसेंच हें. खळगा सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. मागणी २० अँपियरांची. २२,००० मायक्रोफॅरडचे पांच कपॅसिटर शेजारीं शेजारीं जोडले तर १,१०,००० होतात, आणि तेवढ्या वेळांत पातळी फार तर १.८ व्होल्टांनीं उतरते. हे कपॅसिटर निदान ३५ व्होल्टांचे घ्यावे, ५० चे घेतल्यास उत्तम. रात्रीं उशिरां, गांव निजल्यावर, भिंतीवरचे २३० कधीं २५० होतात, आणि तेव्हां आंतील शिखर २७ च्याही वर जातें. २५ व्होल्टांचा कपॅसिटर अशा वेळीं फुगतो किंवा फुटतो.

येथें घरांतील स्त्रियांनीं व मुलांच्या आईनें विशेष लक्ष द्यावें असा एक मुद्दा आहे. २४ व्होल्टांचा धक्का कोरड्या हातास जाणवतही नाहीं, म्हणून हा भाग निर्धोक समजला जातो. तो तसा नाहीं. भरलेल्या कपॅसिटरांवर पाना पडला तर त्याचें टोंक वितळतें. हातांतील सोन्याची अंगठी किंवा कांकण दोन जाड तारांमध्यें आलें तर तें क्षणांत लाल होतें आणि कातडीसकट भाजतें. काम करतांना अंगठ्या, घड्याळ, कांकणें उतरून ठेवावींत. संच बंद केल्यावर साठा आपोआप ओसरावा म्हणून कपॅसिटरांवर २२० ओहमचा, ५ वॅटचा रोधक कायमचा बसवावा. दोन मिनिटांत हौद रिकामा होतो.

यापुढचें काम म्हणजे २३ व्होल्टांचे बरोबर १३.८ करणें. हें काम ७२३ क्रमांकाची छोटी आयसी हुकूम देऊन करविते, आणि भार वाहतात ते २एन३०५५ जातीचे ट्रान्झिस्टर. उरलेल्या सुमारें ८ व्होल्टांचा निकाल त्यांनींच लावावयाचा असतो. ८ गुणिले २० म्हणजे १६० वॅटची उष्णता, एखाद्या लहान इस्तरीला शोभेल इतकी. एका ट्रान्झिस्टरची शक्ति कागदावर ११५ वॅट लिहिलेली असते हें खरें, पण ती त्याचें अंग २५ अंशांवर ठेवल्यास. वैशाखांत उदगीरच्या माडीवर हवाच ४० अंशांची असते! चार ट्रान्झिस्टरांवर काम भागतें असें पुस्तकें सांगतात. आपण सहा घालावे, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास २७ वॅट येतात. प्रत्येकाच्या एमिटरमध्यें ०.१ ओहमचा रोधक हवाच. तो नसेल तर जो ट्रान्झिस्टर अधिक तापतो तोच अधिक भार ओढतो, आणखी तापतो, आणि शेवटीं जळतो. एकत्र कुटुंबांत ज्याचा स्वभाव ओढून घेण्याचा, त्याचेंच कंबरडें मोडतें तसा हा प्रकार. डायोडांचा ठोकळाही ४० वॅट तापतो, तेव्हां त्यासही अल्युमिनियमच्या मोठ्या हीटसिंकवर बसवून लहान पंखा लावावा.

ट्रान्झिस्टर जळतो तेव्हां तो बहुधा आंतून जुळून जातो. म्हणजे अडविणारा द्वारपालच दार उघडून बसतो, आणि २३ व्होल्ट थेट रेडिओंत शिरतात. वर्षाची बचत घालून घेतलेला संच पळभरांत राख होतो. यासाठीं ‘क्रोबार’ नांवाची योजना करितात: बाहेरचा दाब १५ व्होल्टांवर गेला कीं एक एससीआर दोन्ही तारा जाणूनबुजून एकमेकींस भिडवितो, आणि कपॅसिटरनंतर घातलेला ३० अँपियरचा फ्यूज वितळतो. फ्यूज गेला, रेडिओ वांचला. पुष्कळ हौशी मंडळी हा भाग ‘मागाहून घालूं’ म्हणून ठेवितात. तो आधीं घालावा आणि रेडिओ मागाहून जोडावा.

तारांची जाडी हा वरवर क्षुल्लक, पण पुष्कळांस नडणारा विषय. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची जोडतार फक्त १ मीटर लांब घेतली, तरी जातायेतां २० अँपियरांस तीत सुमारें ०.७ व्होल्ट गळतात आणि १४ वॅट नुसती तार तापविण्यांत जातात. ६ चौरस मिलिमीटरची घेतल्यास हीच गळती ०.१२ व्होल्टांच्या आंत येते. सांधे पिळून सोडूं नयेत. स्क्रूखालीं घट्ट आवळावे किंवा नीट डाग द्यावा.

२३० व्होल्टांच्या बाजूस मात्र दयामाया नाहीं. तेथील प्रत्येक उघडें टोंक झांकलेलें हवें, ५ अँपियरचा सावकाश वितळणारा फ्यूज हवा, आणि लोखंडी पेटीस अर्थिंग हवें. आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळून कोरडी ठक्क होते, तेव्हां मीठ-कोळशाच्या खड्ड्यांत अधूनमधून पाणी घातलें नाहीं तर अर्थिंग नांवापुरतेंच उरतें. मुलगा कितीही हुशार असो, ही बाजू जोडतांना घरांतील एका जाणत्या माणसानें शेजारीं बसावें, आणि सुरुवातीस वीज १०० वॅटच्या जुन्या तारेच्या बल्बमधून द्यावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर जोडणी ठीक. तो लखलखत राहिला तर आंत कोठेंतरी चूक आहे, पण फटाका न वाजतां ती कळली. दुरुस्तीवाले हा उपाय रोज करितात. एलईडी बल्ब या कामीं निरुपयोगी.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात, परंतु उदगीरकरांस हैदराबाद जवळ. गाडीनें जाऊन कोठी भागांतील गल्ल्यांत एक दुपार घालविली तर बहुतेक यादी पुरी होते. खोटे २एन३०५५ मात्र सर्वत्र विकले जातात. अंगानें फार हलका वाटणारा घेऊं नये.

राहिली वीज गेल्यावरची गोष्ट, आणि किल्लारीच्या अनुभवानंतर तीच महत्त्वाची. १३.८ व्होल्ट हाच बंद शिशाच्या १२ व्होल्टी बॅटरीस भरलेली ठेवण्याचा दाब आहे. संचाच्या बाहेर एक डायोड घालून अशी बॅटरी समांतर जोडली, आणि त्या डायोडांत जाणारा अर्धा व्होल्ट भरून निघेल असें संचाचें नियंत्रण थोडें वर चढविलें, तर वीज जातांच रेडिओ न अडखळतां बॅटरीवर चालूं लागतो. बॅटरीच्या टोंकाशींच फ्यूज असावा, आणि ती वारा खेळत्या जागीं ठेवावी. हा दाब २५ अंशांसाठीं आहे; हवा ४० अंशांवर गेली कीं तो १३.५ वर उतरवावा, नाहीं तर बॅटरी आंतून सुकते. चैत्र लागला कीं एकदां आणि मृगाचा पाऊस स्थिरावला कीं पुन्हां एकदां, मीटर लावून ती खीळ फिरवावी.