पाळ कोणाची, पाणी कोणाचे

जुन्या भंडारा जिल्ह्यातले मूळचे रहिवासी कोण, असे विचारले की लोक गोंडांचे नाव घेतात, आणि ते बरोबरच आहे. साकोली-लाखांदूरकडचे कोहळी, तुमसर-गोंदियाकडचे पोवार, कामठ्याचे लोधी, ठिकठिकाणचे कुणबी हे सारे नंतर, वेगवेगळ्या राजवटींचा हात धरून या झाडीपट्टीत आले. १८१८ साली इंग्रजांनी नागपूरच्या राज्याचा कारभार हाती घेतला, तेव्हा ही वसाहत अजून चालूच होती. एका बाजूला झाडी तोडून धानाच्या बांध्या निघत होत्या आणि दुसऱ्या बाजूला कोणाचा धुरा कुठवर, कोणाच्या तलावाचे पाणी कोणाच्या शेतात, यावरून कुरबुरी सुरू होत्या. पुढच्या पन्नास वर्षांत या कुरबुरींचे काय झाले, ते समजून घेतल्याशिवाय आजच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचे भांडण उलगडत नाही, असे मला ठामपणे वाटते.

सुरुवात कोहळ्यांपासून करू. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेहून परतताना त्यांना सोबत घेऊन आला, अशी त्यांची परंपरा सांगते. ती अक्षरशः खरी माना वा न माना, गोंड राजांचे धोरण मात्र इतिहासात स्पष्ट दिसते. जो जंगल तोडून तलाव बांधेल, त्याला त्या तलावाखालची जमीन मिळे. चंद्रपूरकडे गावांच्या नावात येणारे ‘तुकुम’ ही त्याच देणगीची खूण. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे मानतात. डोंगरांच्या मधली खिंड नेमकी ओळखून तिथे पाळ घालायची आणि पुढच्या साऱ्या खोऱ्याला पाणी पुरवायचे, ही दृष्टी थक्क करणारी आहे. लोकांनी या कोलूला पुढे कोलासूर म्हणून देवत्व दिले. १८७०च्या गॅझेटियरात भंडारा जिल्ह्यातल्या तलावांची संख्या साडेतीन हजारांच्या वर दिली आहे. एका जिल्ह्यात इतके तलाव, आणि तेही सरकारी खजिन्याला हात न लावता उभे राहिलेले.

पोवारांची वाट वेगळी. माळव्यातून ते आधी रामटेकजवळच्या नगरधनला आले, तिथून आंबागड आणि चांदपूरच्या बाजूला सरकले. नागपूरच्या भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेत त्यांनी लढाईची कामगिरी केली आणि बक्षीस म्हणून वैनगंगेच्या खोऱ्यातली पडीक व जंगली जमीन मिळवली. म्हणजे कोहळ्यांना जमीन मिळाली ती बांधकामासाठी आणि पोवारांना मिळाली ती तलवारीसाठी, जरी पुढे तलाव आणि धानशेती या दोन्हींत पोवारही तितकेच तरबेज झाले. या दोन्ही वाटपांत गोंडांना कोणी विचारले नाही. ज्या जंगलातून त्यांची मोहफुले, डिंक आणि फिरती शेती चाले, तेच दरबारी भाषेत ‘पडीक’ ठरले. ही गोष्ट इंग्रजांच्या आधीची आहे, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

आता १८१८. नोव्हेंबर १८१७मध्ये भोसले आणि इंग्रज यांच्यात सीताबर्डीची लढाई झाली. त्यानंतर नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, कैदेतून निसटले आणि त्यांच्या बाजूने ठिकठिकाणी उठाव झाले. भंडाऱ्याच्या बाजूला तो उठाव कामठ्याच्या चिमणा पाटलाने केला. कामठा ही या भागातली सर्वांत मोठी जमीनदारी, आणि चिमणा पाटलाचे घराणे कुणबी. इंग्रज फौजेने कामठा घेतला, चिमणा पाटील पकडला गेला आणि जमीनदारी वारडच्या लोधी जमीनदाराकडे सोपवली गेली. आपण हा प्रसंग स्वातंत्र्याच्या लढ्यातला म्हणून वाचतो, तसा तो आहेच. पण गावपातळीवर त्याचा दुसरा अर्थ झाला. शेजारच्या एका वस्तीकर घराण्याचे पिढ्यांचे वतन दुसऱ्या वस्तीकर घराण्याकडे गेले आणि हा निवाडा तिसऱ्यानेच केला. त्या तिसऱ्याची मर्जी हेच यापुढे जमिनीचे मोठे भांडवल ठरणार होते.

रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स आणि त्याच्यानंतरचे इंग्रज अधिकारी १८३०पर्यंत कारभार पाहत होते. सुरुवातीचे ठाणे लांजीला होते, ते लवकरच भंडाऱ्याला आले. भोसल्यांच्या काळात गावचा पाटील सरकारला वसूल देई. पण तो गावाचा धनी नव्हता, वसुलीची बोली वाढली की पाटीलकी दुसऱ्याकडे जाऊ शके. नागपूरचे सावकार आणि ठेकेदार अशा बोलीतूनच गावांत शिरले. ज्याच्या आजोबाने पाळ घातली तो आणि ज्याने काल ठेका घेतला तो, अशी दोन माणसे एकाच गावावर हक्क सांगू लागली.

डिसेंबर १८५३मध्ये नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले वारले, १८५४मध्ये नागपूर खालसा झाले आणि १८६१मध्ये मध्यप्रांत बनला. मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांना उत्तर हिंदुस्थानच्या धर्तीवर जमिनीला ‘मालक’ हवा होता. बंगालमध्ये १७९३ साली जमीनदारांना मालक करून काय झाले, हे समोर असूनही हवा होता. मग १८६०च्या दशकात भंडाऱ्याचा बंदोबस्त झाला आणि त्या वेळी गावचा वसूल जो भरत होता तो मालगुजार म्हणून गावाचा मालक ठरला. त्याची घरची जमीन सीर आणि खुदकाश्त, काही जुन्यांना मालिक मकबुजा म्हणजे आपापल्या जमिनीपुरती मालकी, काही कुळांना मौरूसी म्हणजे वंशपरंपरेचा हक्क, बाकीचे मर्जीवर. ज्या घराण्याचा ठेका बंदोबस्ताच्या चार वर्षे आधी गेला होता, त्याची तीन पिढ्यांची मेहनत कागदावर उमटलीच नाही. हा अन्याय कोण्या एका दुष्ट अधिकाऱ्याने केलेला नाही. एका गावाला एकच मालक असला पाहिजे, या हट्टातून तो झाला.

तलावाचे बघा. पाळ गावाच्या श्रमाने उभी राहत असे. त्यात बेगारही असे. पाळीत तुडूम असते, त्याची भोके वरून खाली एकेक उघडत पाणी सोडतात. पाणकर पाटाने ते बांधीबांधीत फिरवतो. तलावाच्या गाळात काही घरे पेर करतात. पाण्यात ढिवर मासे, शिंगाडे, कमळकांदे काढतात. पाण्यावर गुरे येतात. एकाच पाण्यावर इतक्यांचे हात, आणि कागदावर सही एकाची. मात्र बंदोबस्ताच्या वाजिब-उल-अर्जमध्ये गावाच्या रूढी लिहिल्या गेल्या, त्यात पाण्याचे हक्कही आले. म्हणून पाण्यावरचा हक्क सांगताना गावाला त्या जुन्या कागदाचाच आधार उरतो. जी राजवट मालक निर्माण करत होती, तिच्याच दप्तरात मालकीला मुरड घालणाऱ्या रूढी टिकल्या. याच काळातल्या गॅझेटियरांनी एकेका जातीचा स्वभाव ठरवून टाकला, कोणी भांडखोर, कोणी आळशी. जमिनीचा हक्क वसुलीच्या कागदावर टांगून ठेवल्यावर माणसे कचेरीत जाणार नाहीत तर कुठे जाणार? तो दोष रक्ताच्या खात्यावर मांडणे मला अजिबात मान्य नाही.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’, म्हणजे आपले मामा तलाव, असे त्यांचे नाव पडले. पूर्व विदर्भात ते सहा हजारांहून अधिक आहेत. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मालगुजार स्वार्थासाठी का होईना, पावसाळ्याआधी पाळीवर माणसे लावत असे. ते काम आता कोणाचेच राहिले नाही. गाळ साचला, पाळी खचल्या, तलावांच्या पोटात अतिक्रमणे आली, बेशरम नावाचे झुडूप माजले. जुने हक्कदार पाणीपट्टीला विरोध करत राहिले, कारण त्यांच्या लेखी पाणी त्यांच्या आजोबांनी अडवलेले होते. सरकारच्या लेखी ते सरकारचे होते. दोन्ही बाजूंकडे कागद होते.

आज या पाण्यावर सर्वांत धारदार ताण आहे तो शेतकरी आणि ढिवर यांच्यात. धान निसवायच्या वेळी पाऊस दडी मारतो, तेव्हा शेतकऱ्याला तुडूम पूर्ण उघडायचे असते. ढिवरांच्या मच्छीमार संस्थेला मात्र मासे वाढेपर्यंत पाणी थांबवायचे असते. बंदोबस्ताच्या वेळी ढिवर हा हक्कदार म्हणून कोणी धरलाच नव्हता, तो मालगुजाराच्या परवानगीने जाळे टाकणारा होता. म्हणून भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे काम मला मोलाचे वाटते. त्यांनी ढिवरांच्या जुन्या माहितीला धरून तलावातली बेशरम काढली, देशी पाणवनस्पती परत लावल्या आणि देशी माशांना जागा करून दिली. गाळ काढण्याच्या सरकारी योजनेत किती घनमीटर गाळ निघाला हे मोजले जाते. तळाशी कोणते गवत होते आणि त्यात कोणता मासा अंडी घालत होता, हे ढिवराला विचारावे लागते. त्याच्याबरोबर तुडूम कधी उघडायचे, हेही ठरवावे लागते, आणि हा करार पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्या छोट्या शेतकऱ्यालाही पटावा लागतो. तो गोंड असो, कोहळी असो की पोवार, त्याच्या बांधीपर्यंत पाणी सगळ्यांत शेवटी पोचते.