लेन्स घेण्याआधी : उजेड, जागा आणि अंतर



आज कॅमेऱ्याच्या लेन्सविषयी बोलणार हे कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांनी विचारले, "तत्त्वज्ञान बासनात बांधून ठेवलंत की काय?" तसे काही नाही. सतराव्या शतकातला स्पिनोझा भिंगे घासण्याचा व्यवसाय करीत असे. तेव्हा हा विषय आमच्या पंथाला अगदीच परका नाही.

निमित्त असे झाले. कुडाळकडचा आमचा एक माजी विद्यार्थी लग्न, मुंज, बारसे, घरचा गणपती असे फोटो काढून संसार चालवतो. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स आजवर त्याने वापरली. आता लेन्ससाठी कर्ज काढायच्या बेतात आहे. घरी आला आणि म्हणाला, "सर, कोणती लेन्स घेऊ?" आम्ही म्हटले, "तुला कमी काय पडतंय, ते आधी सांग." त्याला ते सांगता येईना. आणि खरं सांगायचं तर पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्हांलाही सांगता आले नव्हते. त्याची किंमत आम्ही कशी मोजली, ते आधी सांगतो.

मालवण तालुक्यात कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात. पालखी फिरून झाली की देवळासमोर दशावतार उभा राहतो आणि पहाटेपर्यंत चालतो. लिहिलेली संहिता नाही, संवाद जागच्या जागी सुचतात. आमचे एक स्नेही त्यात राजपार्ट करीत. त्या वर्षी आम्ही मोठ्या हौसेने ७०-३०० ची झूम लेन्स घेतली होती. लांबून छान फोटो मिळतील, कुणाला आपला त्रास नको, म्हणून मागे आंब्याखाली खुर्ची टाकून बसलो. नाटक सुरू होण्याआधी स्नेह्यांनी आम्हांला पाहिले आणि रंग लावता लावता हाक मारली, "मास्तरानू, थयसून काय दिसतला? हयसर येवा!" आम्ही हसून हात हलवला आणि तिथेच बसून राहिलो.

रात्रभरात दोनशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर एकातही डोळे स्पष्ट नाहीत. तलवारीच्या जागी पांढरा फराटा, चेहऱ्याच्या जागी हळदीचा डाग. पुढच्या जत्रेपर्यंत ते स्नेही राहिले नाहीत. घरच्यांनी भिंतीवर लावायला राजाच्या वेषातला फोटो मागितला. आमच्याकडे देण्यासारखा एकही नव्हता.

आता चुकले कुठे ते पाहू. लेन्सवर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. पहिली फोकल लेन्थ, मिलिमीटरमध्ये. ती वाढली की दृश्याचा तुकडा लहान होतो आणि लांबची वस्तू मोठी दिसते. दुसरी गोष्ट एफ-आकडा. फोकल लेन्थला अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत येण्याच्या छिद्राच्या, व्यासाने भागले की हा आकडा येतो. ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ असेल तर तिचे छिद्र साधारण २८ मिलिमीटर. आकडा लहान, तर छिद्र मोठे आणि उजेड जास्त. स्वस्त झूमवर ४-५.६ असे दोन आकडे असतात. त्याचा अर्थ, झूम पूर्ण पुढे नेलीत की छिद्र ५.६ च्या पलीकडे उघडणार नाही. आम्ही आंब्याखाली बसून नेमके तेच करत होतो.

एफ ५.६ आणि एफ १.८ यांत फरक किती? प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग करायचा. उत्तर येते जवळजवळ दहापट. म्हणजे बघा, ५.६ वर एका फोटोला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर १.८ वर शंभरावा भाग पुरतो. दहाव्या भागात राजा अर्धी गिरकी घेतो. शंभराव्या भागात तो बराचसा थांबलेला सापडतो.

"पण लेन्समध्ये कंपन रोखणारी यंत्रणा होती ना?" होती की. पण ती आमच्या हाताचा कंप थांबवते, राजाची तलवार थांबवत नाही. फ्लॅश मारावा तर नटाच्या डोळ्यांवर आणि प्रेक्षकांच्या तंद्रीवर घाला. आयएसओ वाढवता येतो, आणि आजचे कॅमेरे ३२०० किंवा ६४०० ला पुष्कळच बरा फोटो देतात. म्हणून नवी लेन्स घेण्याआधी हा फुकटचा उपाय करून पाहावा. जत्रेतल्या माणसाला आणखी एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या ट्यूबा आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर त्याहून बरेच वेगवान ठेवले तर फोटोत आडवे पट्टे येतात. १/१०० हा तिथला सोयीचा आकडा.

उजेडाची ही अडचण फोटोग्राफीइतकीच जुनी आहे. १८४० मध्ये व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झवालने गणित मांडून माणसांच्या फोटोसाठी एफ ३.६ ची लेन्स तयार केली. तोवर माणसाला फोटोसाठी फार वेळ न हलता बसावे लागे. पेट्झवालमुळे ती शिक्षा बरीच कमी झाली. पुढे १९७५ च्या 'बॅरी लिंडन' चित्रपटात स्टॅन्ली क्युब्रिकने मेणबत्त्यांच्या उजेडातली दृश्ये टिपली, ती झाइसच्या एफ ०.७ लेन्सने. ती लेन्स मुळात नासाच्या कामासाठी बनवलेली होती. आपल्याला एवढ्या लांब जायचे कारण नाही. ५० मिलिमीटर एफ १.८ ही बहुतेक कंपन्यांची सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते.

मग विद्यार्थ्याला सरळ तीच घे म्हणावे का? थांबा. आता गणपतीतले घर डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून चाकरमानी आलेत, दहा-बारा फुटांची खोली, वर माटवी बांधलेली, आरतीला वीस माणसे. बहुतेकांकडचा कॅमेरा पूर्ण फ्रेमचा नसतो, लहान सेन्सरचा असतो. अशा कॅमेऱ्यावर ५० ची लेन्स लावून दहा फुटांवरून पाहिले, तर जेमतेम पावणेपाच फूट रुंदी मावते. देव आला तर आजी नाही, आजी आली तर देव नाही. ३५ वर पावणेसात फूट मावतात, २४ वर पावणेदहा, १८ वर तेरा. इथे उजेडापेक्षा जागा कमी पडते. लग्नात फ्लॅश छताकडे वळवून मऊ उजेड मिळवायची युक्ती सगळे सांगतात. पण ती पांढऱ्या स्लॅबच्या घरातली. कौलारू घरात वर काळवंडलेले वासे. ते उजेड गिळून टाकतात. अशा वेळी फ्लॅश चुन्याच्या भिंतीकडे वळवावा.

तिसरा प्रसंग रापणीचा. तारकर्लीच्या किनाऱ्यावर माणसे दोन्हीकडून दोर ओढताहेत, सकाळचे ऊन लखलखतेय. उजेड मुबलक, जागा अफाट. इथे आमची तीच बदनाम ७०-३०० मजेत चालते. लेन्स वाईट नव्हती हो, आम्ही तिला भलत्या ठिकाणी नेली होती.

तर कमतरता तीन प्रकारच्या असतात: उजेडाची, जागेची आणि अंतराची. पहिलीला मोठ्या छिद्राची लेन्स, दुसरीला कमी फोकल लेन्थ, तिसरीला जास्त. तिन्ही एकाच लेन्सकडून हव्या असतील तर एफ २.८ ची झूम घ्यावी लागते. ७०-२०० एफ २.८ चे वजन एक ते दीड किलो, आणि पैसे लाखाच्या घरात किंवा पुढे. ज्याच्याकडे हंगामात रोजची लग्ने आहेत त्याला ती परवडेल. इतरांनी जरा दमाने घ्यावे.

आपली कमतरता कोणती, हे ओळखायचे कसे? इथे तत्त्वज्ञान लागत नाही, वही लागते. प्रत्येक डिजिटल फोटोसोबत फोकल लेन्थ, अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ यांची नोंद आपोआप होते. गेल्या वर्षातले फसलेले शंभर फोटो काढा आणि प्रत्येकापुढे कारण लिहा. माणूस हलला असेल तर उजेड. कडेची माणसे कापली गेली असतील तर जागा. चेहरा मुंगीएवढा असेल तर अंतर. विद्यार्थ्याने आमच्या ओटीवर बसून हे केले. निम्म्याहून जास्त फोटोंपुढे 'उजेड' आले, पुष्कळांपुढे 'जागा'. लांबच्या झूमसाठी तो कर्ज काढणार होता, आणि 'अंतर' हा शब्द त्याच्या वहीत सात वेळा होता.

त्या सातांतही गंमत होती. आम्ही विचारले, "इथे पुढे का गेला नाहीस?" तो म्हणाला, "लाज वाटली, सर." आम्ही काहीच बोललो नाही. आंब्याखालची खुर्ची आठवली.

न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाची व्याख्या करताना इंद्रियार्थसन्निकर्ष असा शब्द येतो. इंद्रिय आणि वस्तू यांचा संबंध घडला पाहिजे, त्याशिवाय प्रत्यक्ष नाही. नैयायिकांना अर्थात कॅमेरा अभिप्रेत नव्हता. पण आम्हांला तो शब्द फोटो पाहताना आठवतो. चेहऱ्याची ठेवण फोटोत कशी येते, हे लेन्सवर नव्हे तर आपण किती अंतरावर उभे आहोत त्यावर ठरते. दीड-दोन फुटांवरून काढलात तर नाक मोठे, कान मागे गेलेले. सहा-आठ फुटांवरून चेहरा ओळखीचा दिसतो, कारण साधारण तेवढ्याच अंतरावरून आपण ओटीवर एकमेकांशी बोलतो. व्यक्तिचित्राला ८५ ची लेन्स चांगली म्हणतात ती यामुळे. ती आपल्याला त्या अंतरावर नेऊन उभी करते. लहान सेन्सरवर ५० तेच काम करते. तीनशेची लेन्स माणूस मोठा दाखवते, पण बोलण्याच्या अंतरावर नेत नाही.

मोठ्या छिद्राचा एक तोटाही सांगून ठेवतो. लहान सेन्सरवर ५० ची लेन्स एफ १.८ ला उघडून सहा-साडेसहा फुटांवरचा माणूस टिपलात, तर जेमतेम चार-साडेचार इंच खोली स्पष्ट येते. नवरी स्पष्ट आणि अर्धे पाऊल मागचा नवरा धूसर, असे होते. जोडीला किंवा घोळक्याला ४ किंवा ५.६ ठेवावे. उजेड असेल तेव्हा छिद्र लहान करण्यात कमीपणा नाही.

शेवटी आपल्या दमट हवेबद्दल. जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या पिशवीत, कपाटात बंद ठेवलीत की आत बुरशीचे जाळे धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक ठेवा. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या. जेल ओले झाले की सुकवून घ्या. आणि लेन्स वापरत राहा. दोन महिने न हललेली लेन्सच आधी बुरशी धरते, असा आमचा अनुभव. जुनी लेन्स घेणार असाल तर टॉर्च धरून आत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

विद्यार्थ्याने काय केले? आम्ही त्याला म्हटले, विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आण. त्याने ५० आणि ३५ दोन्ही आणून जत्रेत आणि एका बारशाला वापरल्या. बारशात पाळण्याभोवती बायकांची दाटी, तिथे ५० अडखळली आणि ३५ चालली. शेवटी त्याने ३५ एफ १.८ घेतली, तीही साठवलेल्या पैशांत. कर्जाचा कागद फाडला.

परवा तो एका दशावताराचे फोटो दाखवायला आला. पायपेटीवाल्याच्या शेजारी, मातीत बसून काढलेले. त्यात एक राजपार्ट होता. डोळे स्पष्ट, गालावरच्या रंगाला गेलेला तडाही दिसतो. आम्ही विचारले, "एवढ्या जवळ बसू दिलं?" तो म्हणाला, "नाटक सुरू व्हायच्या आधी जाऊन विचारलं, सर. तेच म्हणाले, हयसर बस."

तो फोटो आम्ही मागून घेतला आहे. इथे थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा.