दोन गावांमधील अंतर व त्याचे स्प्रेडशीटवरील गणित

सुरतेहून माल रवाना करणाऱ्या व्यापाऱ्यास अंतराचा हिशेब नित्य करावा लागतो. भाडे अंतरावर ठरते, माल पोहोचविण्याचा वायदा अंतर पाहून दिला जातो आणि ई-वे बिलाची मुदतही अंतरावरच अवलंबून असते. १ जानेवारी २०२१ पासून सामान्य मालास दर २०० किलोमीटर वा त्याच्या अंशासाठी एक दिवस, असे तिचे प्रमाण आहे. हल्ली बहुतेक पेढ्यांवर ग्राहकांची यादी संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये असते. त्याच यादीवरून अंतर कसे काढावे व त्यावर कितपत विसंबावे, हे सभासद बंधूंच्या सोयीसाठी येथे सांगण्याचे योजिले आहे.

प्रत्येक गावापुढे त्याचे अक्षांश व रेखांश दशांशात लिहावेत. सुरतेचे अक्षांश २१ अंश १० मिनिटे, म्हणजे २१.१७ होत; २१.१० नव्हेत. रेखांश ७२ अंश ५० मिनिटे, म्हणजे ७२.८३. मिनिटे तशीच दशांश म्हणून लिहिली, तर सुरत शहर सुमारे ३५ किलोमीटर सरकून समुद्रात जाते!

नंतर हे अंश 'रेडियन्स' या सूत्राने रेडियनमध्ये आणावेत. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतील फरकाचा कोसाइन या तिहींचा गुणाकार त्यात मिळवावा. बेरजेचा व्यस्त कोसाइन काढून त्यास पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे ६,३७१ ने गुणिले की किलोमीटरमध्ये अंतर मिळते. सूत्र एकदा नीट बसविले की ते खाली ओढून शेकडो गावांना लावता येते.

परंतु हे अंतर पक्ष्याच्या उड्डाणाचे आहे, मालमोटारीचे नव्हे. सुरत ते मुंबई या सूत्राने सुमारे २३२ किलोमीटर येते. रस्त्याने ते २८० च्या घरात आहे. येथे फरक सव्वापटीच्या आत राहतो. भावनगरची गोष्ट मात्र निराळी. सूत्र सुमारे ९६ किलोमीटर दाखविते. मालमोटारीस खंभातच्या आखातास वळसा घालून भरूच, वडोदरा, तारापूर या वाटेने साडेतीनशे किलोमीटरहून अधिक जावे लागते. सूत्रावर विसंबून एका दिवसाचा वायदा केला, तर व्यापाऱ्याचा शब्द खोटा पडतो आणि भाड्याचा अंदाजही साफ चुकतो. हाच वळसा टाळण्यासाठी ८ नोव्हेंबर २०२० रोजी हजिरा ते घोघा अशी वाहने नेणारी जलवाहतूक सुरू करण्यात आली. तिने ३७० किलोमीटरचा मार्ग ९० वर येतो, असे तेव्हा सरकारने सांगितले होते.

म्हणून तक्त्यात आणखी दोन रकाने असावेत. एकात वाहतूकदाराच्या बिल्टीवरून वा नकाशावरून पडताळलेले रस्त्याचे अंतर हाताने भरावे. दुसऱ्यात त्यास सरळ अंतराने भागून येणारे प्रमाण ठेवावे. प्रमाण दीडपटीहून अधिक दिसले की मधे आखात, घाट वा बिनपुलाची नदी आहे काय, हे पाहावे. प्रमाण एकाहून कमी आले, तर आकडा लिहिण्यातच चूक आहे, कारण रस्ता सरळ रेषेहून लहान असूच शकत नाही. ई-वे बिलाचे पोर्टल पिनकोडवरून अंतर स्वतःच दाखविते. त्याच्याशीही आपला तक्ता ताडून पाहावा. भाडे व वायदा यांसाठी रस्त्याचाच रकाना प्रमाण मानावा. सरळ अंतराचा उपयोग त्याच्या पडताळणीपुरता करावा.

दिवाळीत नव्या वह्या घालताना हा तक्ताही एकदा तपासून अद्ययावत केल्यास वर्षभराच्या रवानगीस तो उपयोगी पडेल.