‘वय अधिक शंभर’ हा हिशेब आता सोडा

सोसायटीतल्या तपासणी शिबिरात मी बीपी मोजायला बसते. यंदा एका काकांचं बीपी १६६/९६ निघालं. दंडाचा पट्टा सोडवत ते निवांत म्हणाले, “अडुसष्ट अधिक शंभर. दोन कमीच आहे की!”

हे वाक्य दर शिबिरात ऐकते आणि दर वेळी पोटात गोळा येतो. वयाबरोबर धमन्या कडक होतात, वरचा आकडा चढतो, हे खरं. पण बहुतेकांना होतं म्हणून ते निरोगी ठरत नाही. मोतीबिंदूही वयानुसारच येतो. तो आपण ठेवून घेतो का?

एके काळी डॉक्टरही असंच मानत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी १९३७ मध्ये १६२/९८ होतं, १९४१ मध्ये १८८/१०५. त्यांचे खासगी डॉक्टर, कान-नाक-घशाचे तज्ज्ञ, वयाच्या मानाने सगळं ठीक असल्याचं सांगत राहिले. मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी तपासलं, तेव्हा हृदय मोठं झालं होतं आणि थकत चाललं होतं. बीपीवर आजच्यासारख्या गोळ्या तेव्हा नव्हत्याच. १२ एप्रिल १९४५ रोजी चित्रकर्ती समोर बसून त्यांचं चित्र काढत असताना रूझवेल्ट डोक्यामागे भयंकर दुखतंय म्हणाले आणि कोसळले. वरचा आकडा ३०० च्या पुढे गेला होता. मेंदूत रक्तस्राव होऊन ते त्याच दुपारी गेले, वय ६३. हे आकडे खुद्द ब्रुएन यांनी १९७० मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये छापले आहेत.

१९४८ मध्ये सुरू झालेल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासाने पुढे दाखवून दिलं, की बीपी जितकं जास्त तितका हार्ट अटॅकचा आणि पक्षाघाताचा धोका जास्त, म्हातारपणीही. ‘ऐंशीनंतर कशाला गोळ्या?’ म्हणणाऱ्यांसाठी २००८ चा हायव्हेट अभ्यास आहे: ऐंशी वा त्याहून अधिक वयाचे ३,८४५ रुग्ण, आणि गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘डोकं दुखत नाही, म्हणजे बीपी नाही.’ बहुतेकांना काहीच जाणवत नाही. म्हणून तर मोजायचं.

‘बीपी उतरलं, गोळी बंद.’ ते गोळीनेच उतरलंय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

‘आम्ही सैंधव खातो.’ सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

‘एकदा जास्त आलं, म्हणजे बीपी जडलंच.’ तसंही नाही. पाच मिनिटं शांत बसून, वेगवेगळ्या दिवशी मोजा. दवाखान्यात पुन्हा पुन्हा १४०/९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर ते उच्च रक्तदाबच. मग वय चाळीस असो वा ऐंशी.

काकांनाही बसवलं, पाणी दिलं, पुन्हा मोजलं. १६२/९४. चिठ्ठीवर आकडा लिहून त्यांच्या खिशात ठेवला आणि म्हटलं, “काका, याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि यात वय मिळवू नका.”