हेत्वाभास आणि सातवीचा वर्ग

सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ रचला तो बालांना सुखाने बोध व्हावा म्हणून; तसे त्याने ग्रंथारंभीच म्हटले आहे. टीकाकारांनी त्यावर खुलासा केला की, येथे बाल म्हणजे अंगावर पिणारे मूल नव्हे. सांगितलेले समजून घेऊन ध्यानात ठेवू शकतो तो बाल. या व्याख्येत आपली सहावी ते आठवीची मुले सहज बसतात. तरीही तर्कशास्त्र आपल्याकडे विषय म्हणून भेटते ते अकरावीत, तेही ऐच्छिक. सदोष युक्तिवाद ओळखण्याचे शिक्षण बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू व्हावे, आणि त्यासाठी लागणारी सामग्री मराठीत पूर्वीपासून आहे, असे मला वाटते.

नैयायिकांनी सदोष कारणाला ‘हेत्वाभास’ म्हटले: हेतूसारखा दिसणारा, पण हेतू नसलेला. त्यांनी त्याचे पाच प्रकार मानले. पाचही मुलांना पाठ करायला लावण्याची गरज नाही. पहिला नीट समजला तरी पुष्कळ झाले. तो म्हणजे ‘सव्यभिचार’. जे सिद्ध करायचे ते जिथे आहे तिथेही सापडतो आणि जिथे नाही तिथेही सापडतो, असा हेतू काहीच सिद्ध करत नाही. वर्गात पेन हरवते. ‘तो घाबरलाय, म्हणजे त्यानेच घेतलं,’ असे कुणीतरी म्हणते. पण चोर घाबरतो, तसा आळ येईल या भीतीने निरपराध मुलगाही घाबरतो. भीती दोन्हीकडे आहे. म्हणून ती पुरावा नव्हे.

हा केवळ शाळकरी खेळ नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे भिक्षेवर गुजराण करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. अनोळखी आहेत, म्हणून पळवणारे आहेत, हा त्यामागचा हेतू. अनोळखी तर फेरीवालाही असतो, वाट चुकलेला प्रवासीही असतो. सव्यभिचार हेतूचे याहून भयंकर उदाहरण मला ठाऊक नाही. जमावाला तर्काने थांबवता येते असा माझा दावा नाही. पण तो जमाव जमण्याआधी तोच निरोप प्रत्येक हातात स्वतंत्रपणे येतो, आणि त्या क्षणी ‘कशावरून?’ असे विचारण्याची सवय असलेला माणूस तो पुढे पाठवताना थबकतो.

दुसरी सामग्री म्हणींची. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ या म्हणीत एक अख्खा तर्कदोष सामावला आहे: एकामागून एक घडले, म्हणून पहिल्यामुळे दुसरे घडले असे मानणे. नवा शर्ट घातला आणि सामना जिंकला, ही त्याच फांदीची गोष्ट. ‘सुतावरून स्वर्ग गाठणे’ म्हणजे तुटपुंज्या आधारावर मोठा निष्कर्ष उभारणे. याउलट ‘शितावरून भाताची परीक्षा’ हे योग्य अनुमान आहे. मात्र भात एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो म्हणूनच. एका गावचा एक माणूस लबाड निघाला म्हणून गाव लबाड ठरवताना आपण शीत घेतो, पण भांडे एक आहे का हे पाहत नाही. मुलांना मी इतकेच विचारायला सांगते: हे शीत याच भाताचे आहे का?

मात्र म्हण हा पुरावा नव्हे, हेही त्याच तासाला सांगावे लागते. ‘शितावरून भाताची परीक्षा’ म्हणणारी भाषाच ‘दिसतं तसं नसतं’ असेही म्हणते. म्हण दोषाला नाव देते, निकाल देत नाही.

तिसरा दोष शब्दांचा. न्यायसूत्रांत त्याला ‘छल’ म्हटले आहे. वात्स्यायनाने भाष्यात दिलेले उदाहरण योगायोगाने एका मुलाचेच आहे. हा मुलगा ‘नवकंबल’ आहे, म्हणजे त्याची कांबळ नवी आहे, असे कुणी म्हणते. प्रतिवादी विचारतो, नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते! मुले यावर हसतात, कारण ‘नव’ शब्दाची ही गंमत मराठीतही कळते. मग बोलणाऱ्याला अभिप्रेत नसलेला अर्थ त्याच्या गळ्यात बांधण्याचा हा प्रकार घरच्या भांडणात आणि टीव्हीवरच्या चर्चेत त्यांनाच सापडू लागतो.

या शिक्षणाला पालकांचा एक आक्षेप असतो: मुले उलट उत्तरे देऊ लागतील. आक्षेप पोकळ नाही. नवे हत्यार हाती आले की मूल ते आधी आजीवर चालवून पाहते. यावरही परंपरेत उत्तर आहे. सत्य शोधण्यासाठी तो ‘वाद’, जिंकण्यासाठी तो ‘जल्प’, आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती मोडायची ती ‘वितंडा’. ‘वितंडवाद’ हा शब्द मराठीत आजही नित्याचा आहे. शिवाय कारण चुकले म्हणून म्हणणे खोटे ठरत नाही. ‘आमच्या वेळी असंच होतं, म्हणून लवकर झोप’ हा आजीचा युक्तिवाद लंगडा असेल. लवकर झोपणे तरीही हिताचे असू शकते. तेव्हा दोष दाखवणाऱ्याने ‘मग याला बरे कारण कोणते?’ हेही शोधले पाहिजे, आणि हा नियम मोठ्यांनीही पाळला पाहिजे. मुलाने ‘कशावरून?’ विचारल्यावर ‘मी सांगतो म्हणून’ एवढेच उत्तर मिळत राहिले, तर पाचही हेत्वाभास पाठ करून उपयोग नाही.