चोवीस नळ्यांचा कंदील

सहामाही परीक्षा संपत आली की वर्गात कुणाचं म्हणून लक्ष लागत नाही. बाई फळ्यावर लिहीत असतात आणि मागच्या बाकावर हळूच खलबतं चालू असतात. किल्ला कुठे करायचा, माती कुठून आणायची, मावळे गेल्या वर्षीचे चालतील का! आम्हा शिक्षकांना ते सगळं ऐकू येतं बरं का. आम्ही फक्त ऐकू न आल्यासारखं करतो.

या गडबडीत एक गोष्ट मात्र हल्ली मागे पडत चालली आहे. आकाशकंदील घरी करायची. बाजारात चकचकीत कंदील टांगलेले असतात, बाबा एक विकत आणतात, काम संपलं. आज आपण घरी कंदील करणार आहोत, आणि त्यासाठी दुकानात फार तर एकदाच जायचं आहे, तेही पतंगी कागदाच्या तीन-चार तावांसाठी. बाकी सगळं घरातच पडलेलं आहे.

पूर्वी कंदिलाचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा असे. आजोबांना विचारा, ते कोयत्याने कामट्या कशा तासायचे आणि बोटात कुसळ कसं जायचं ते रंगवून सांगतील. आपण कामट्यांच्या जागी रद्दीच्या नळ्या घेऊ.

आधी एक गंमत करून बघा. वर्तमानपत्राचं एक पान घ्या आणि वरून खाली, रकान्याच्या दिशेने फाडा. सरळ पट्टी निघते ना? आता तेच पान आडवं फाडायचा प्रयत्न करा. वेडंवाकडं फाटतं, काही केल्या सरळ जात नाही. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले लाकडाचे बारीक तंतू बहुतेक एकाच दिशेने पसरतात. त्यांच्या दिशेने कागद सरळ फाटतो आणि सहज गुंडाळला जातो. विरुद्ध दिशेने गुंडाळायला गेलात तर तो कुरकुरतो, सुरकुत्या पडतात. म्हणून आपली नळी रकान्यांच्या दिशेने लांब ठेवायची.

मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचं एक सुटं पान आडवं मधोमध कापा. दोन तुकडे होतील. एका तुकड्यावर विणकामाची सुई किंवा मोडक्या छत्रीची काडी ठेवून घट्ट गुंडाळत जा, शेवटच्या कडेला खळ लावा आणि सुई ओढून काढा. नळी वाळली की दोन्ही टोकं कापून बरोबर 25 सेंटिमीटरची करा. एका पानाच्या दोन नळ्या, म्हणजे बारा पानांत चोवीस. पहिल्या तीन-चार नळ्या ढिल्या होतील, त्या बाजूला ठेवा. पाचवीपासून हात बसतो.

एक नळी दोन्ही हातांनी वाकवून बघा. नुसता कागद वाऱ्याने फडफडतो आणि तोच गुंडाळला की कसा ताठ होतो! बांबू आतून पोकळ असूनही एवढा मजबूत असतो, त्यातही हेच आहे.

खळ घरीच करायची. दोन चमचे मैदा किंवा कणीक वाटीभर थंड पाण्यात आधी नीट कालवा. गुठळी राहता कामा नये. मग मोठ्या माणसाला सोबत घेऊन मंद गॅसवर ठेवा आणि सारखं ढवळा. साधारण साठ अंशांच्या पुढे पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, मिश्रण दाट होतं आणि त्याला चकाकी येते. झाली खळ! दोन दिवस टिकते, मग वास येतो. काही ठिकाणी खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. तुम्ही घालू नका, मोरचूद विषारी असतो.

आता खरं काम. तीन नळ्यांतून जाड दोरा ओवा. दोरा नळीतून जात नसेल तर एखाद्या बारीक तारेच्या टोकाला बांधून आत सरकवा. दोन्ही टोकं ओढून गाठ मारली की त्रिकोण झाला. गाठीपाशी दोऱ्याचं वीतभर टोक राहू द्या, पुढे बांधायला लागेल. असे आठ त्रिकोण करायचे. आठ त्रिक चोवीस, हिशेब लागला?

इथे थोडं थांबू या. उरलेल्या रद्दीतून आणखी चार नळ्या करा आणि त्यांचा एक चौकोन ओवून बघा. चौकोन हातात धरला की तो लडबडतो, दाबला की तिरपा होऊन पार चपटा होतो. त्रिकोणाला कितीही दाबा, तो आपला आकार सोडत नाही. एखादी नळी मोडेल, पण त्रिकोण हलणार नाही. पूल, विजेचे मनोरे, शेडचं छप्पर, सगळीकडे लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण का दिसतात हे आता तुमचं तुम्हालाच कळेल. अरविंद गुप्ता यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे घेऊन त्यांनी हेच त्रिकोण-चौकोन देशभरातल्या मुलांना करायला शिकवलं. आयआयटी कानपूरला शिकलेला हा इंजिनिअर टाकाऊ वस्तूंतून खेळणी करू लागला आणि पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं तेच काम करत राहिला. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत, जरूर मिळवा.

चला, पुन्हा कंदिलाकडे. आठही त्रिकोणांवर पतंगी कागद चिकटवून घ्या. त्रिकोण कागदावर ठेवायचा, भोवती बोटभर कागद जास्तीचा सोडून कापायचा आणि ती कड नळीवर दुमडून खळीने बसवायची. ओला कागद ओढू नका हं, फाटतो. वाळला की आपोआप ताणला जातो, ढोलकीसारखा.

यातले चार त्रिकोण घ्या आणि टोक खाली करून धरा. त्यांची वरची टोकं शेजारच्या त्रिकोणाशी बांधत जा. चार जणांनी हात धरून फेर धरावा तसं. मधे एक चौकोनी भोक तयार होईल आणि चार टोकं खाली लोंबतील, एक मुकुटच झाला म्हणा. उरलेल्या चार त्रिकोणांचा तसाच दुसरा मुकुट करा आणि तो उलटा ठेवा, टोकं वर. आता वरच्या मुकुटाचं एकेक टोक खालच्या मुकुटाच्या एकेका टोकाशी बांधा. चार गाठी! उचलून धरा. बाजूंना चार चौकोन आपोआप उभे राहिलेले दिसतील, आपल्या कोपऱ्यावर उभे. हाच तो आपला जुना पारंपरिक कंदील. वर-खाली मोकळे दोन आणि बाजूचे चार असे सहा चौकोन, आणि आठ त्रिकोण.

सांगाडा अजून लडबडेल. घाबरू नका. लडबडतात ते चौकोन, हे आपण मघाशी पाहिलंच. बाजूच्या चार चौकोनांवर वेगळ्या रंगाचा, 27 सेंटिमीटर बाजूचा कागद बसवला की कंदील ताठ होतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच ठेवायचा, म्हणजे दिवा आत सोडता येतो. उंची किती भरेल? वरच्या वर्गात असाल तर पायथागोरसला कामाला लावा आणि चौकोनाचा कर्ण काढा. मग पट्टीने मोजा. पस्तीसच्या आसपास उत्तर आलं पाहिजे.

पतंगी कागद नाहीच मिळाला तर? साडीच्या किंवा बुटांच्या खोक्यात पांढरा पातळ कागद येतो, तो चालतो. साध्या कागदाचीही एक युक्ती आहे. भजी ज्या कागदात बांधून येतात त्यावरचा तेलाचा डाग उजेडासमोर धरा, पलीकडचं दिसतं. कागदाच्या तंतूंमध्ये हवा असते, तिच्यामुळे उजेड इकडेतिकडे विखुरतो. त्या जागेत तेल शिरलं की विखुरणं कमी होतं आणि उजेड आरपार येतो. कापसाच्या बोळ्याने तेल लावून कागदावर चांदणी काढून बघा. पण एखादीच हं, सगळा कागद तेलकट केलात तर मुंग्यांची दिवाळी होईल.

आता सजावट. लग्नपत्रिका प्रत्येक घरात साठलेल्या असतात. वर गणपतीचं चित्र असतं म्हणून आई फेकू देत नाही आणि ठेवायला जागा नसते. चित्राचा भाग तिला विचारून नीट बाजूला काढा. बाकीच्या सोनेरी वेलबुट्टीच्या पट्ट्या कापल्या की कंदिलाच्या कडांना झकास किनार होते. झिरमिळ्यांसाठी रिबिनी शोधा. शाळेच्या जुन्या लाल रिबिनी, मिठाईच्या खोक्यावरची फीत, पुष्पगुच्छाला बांधलेली सॅटिनची पट्टी, फाटक्या साडीचा काठ, सगळं चालेल. रिबीन सरळ कापली की तिचे धागे सुटतात, तिरपी कापली की कमी सुटतात. नायलॉनच्या रिबिनीची कड मोठ्यांनी पेटत्या उदबत्तीच्या टोकाने हलकेच वितळवून दिली तर अजिबात सुटत नाहीत. खालच्या चारही कोपऱ्यांना तीन-तीन रिबिनी बांधा. लांबी सारखी नसली तरी बिघडत नाही. वारा आला की कुणी मोजत नाही.

थर्माकोल मात्र आणू नका. महाराष्ट्रात 2018 साली त्याच्यावर बंदी आली आणि 1 जुलै 2022 पासून सजावटीचा थर्माकोल देशभर बंद झाला. चुरा झालेला थर्माकोल नाल्यात जातो आणि वर्षानुवर्षं तसाच राहतो.

पालकहो, आता चार शब्द तुमच्याशी. शाळेत हस्तकलेच्या वस्तू मांडल्या की कुठली मुलाने केली आणि कुठली आईने रात्री जागून केली, हे आम्हाला लांबूनच दिसतं. मुलालाही ते माहीत असतं. कौतुक झालं की ते मान खाली घालतं, आणि शेजारच्या मुलाची स्वतः केलेली वाकडी वस्तू टेबलाच्या कडेला ढकलली जाते. दोघांचंही नुकसान! दिव्याचा होल्डर, गॅस आणि उदबत्ती ही तीन कामं तुमची. वायर ओढणं, दिवा सोडणं, बटण दाबून पाहणं, यातलं काहीही मुलांवर सोपवू नका. दिवा पाच-सात वॉटचा एलईडीच घ्या, जुन्या पिवळ्या बल्बसारखा तो तापत नाही. बाकीच्या वेळी हात मागे बांधून बसा. कंदील थोडा कलला तर कलू दे.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, पाचवीतली. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचे हंगाम सुरू व्हायला लागतात आणि आमच्या भागातली गावंच्या गावं ट्रॅक्टर-ट्रकमधून निघून जातात, ती परत येतात मार्च-एप्रिलला. त्या वर्षी तिच्या घरच्यांना दिवाळीच्या आधीच निघायचं होतं. वर्गात सगळे कंदील करत होते. ती नळ्या करत होती खरी, पण तिचा चेहरा उतरलेला. एवढा मोठा कंदील भांड्याकुंड्यांच्या गाठोड्यात कसा न्यायचा? त्रिकोण बांधून झाले, आणि चौकोनांना कागद लावायच्या आधी ती तो सांगाडा उगाच दाबत बसली होती. दाबता दाबता तो चपटा झाला. मग तिने त्याचे कोपरे आत दुमडले. आठही त्रिकोण एकावर एक आले आणि अख्खा कंदील एका त्रिकोणात मावला! "बाई, हा तर वहीसंगट बसतोय दप्तरात," म्हणाली. वर्गात एवढी शांतता मी क्वचितच ऐकली आहे. मग सगळ्यांनाच आपापला कंदील दुमडून बघायचा होता, आणि दोघातिघांच्या नळ्या मोडल्या.

चौकोनांचे चार कागद तिने वहीत घालून नेले. खळीसाठी पुडीत पीठही नेलं. एप्रिलमध्ये परत आल्यावर तिने सांगितलं, की उसाच्या पाचटाच्या कोपीवर तिने तो लावला. वीज नव्हती, म्हणून बापाच्या मोबाइलची बॅटरी थोडा वेळ आत ठेवायची. शेजारच्या कोपीतली पोरं बघायला यायची, त्यातल्या दोघांना तिने नळ्या करायला शिकवलं.

तेव्हा तुमच्यापैकी ज्यांना दिवाळीला मामाच्या गावी किंवा आजोळी जायचं असेल, त्यांनीही चौकोनांचे कागद शेवटी, तिथे पोचल्यावर लावावेत. त्रिकोणांच्या गाठी मात्र फार आवळायच्या नाहीत. दोन टोकांमध्ये तांदळाच्या दाण्याएवढी जागा असली तरच घडी नीट पडते.

कंदील कार्तिकी पौर्णिमेपर्यंत ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. नंतर तो काढलात की चौकोनांचे कागद ओल्या फडक्याने भिजवून अलगद सोडवा. खळ पाण्याने सुटते. रिबिनी गुंडाळून ठेवा, सांगाड्याची घडी घाला आणि कपाटावर जुन्या उशीच्या अभ्र्यात ठेवून द्या. त्यात दोन-चार कडुनिंबाची वाळलेली पानं टाका, कारण खळीचा वास झुरळांना फार आवडतो.