लोकलच्या प्रवासासाठी गाण्यांचा प्लेअर : ऐकीव गोष्टी आणि खऱ्या गोष्टी

बोरिवली ते चर्चगेट हे अंतर 34 किलोमीटर. धीम्या लोकलने तासाभराहून थोडं जास्तच लागतं. जाऊन-येऊन दिवसाचे दोन तास डब्यात जातात आणि मुलुंडहून सीएसएमटी गाठणाऱ्याचं गणितही फार वेगळं नाही. या दोन तासांत गाण्यांचा केवढा आधार असतो, हे चौथ्या सीटवर अर्धवट टेकून अंधेरी गाठणाऱ्याला सांगायला नको. पण त्यासाठी स्वस्तातला प्लेअर घ्यायचा म्हटलं, की दुकानदारापासून शेजाऱ्यापर्यंत प्रत्येक जण काहीतरी ऐकीव सांगतो आणि पैसे नको तिथे जातात.

‘फोन आहे ना, मग वेगळा प्लेअर कशाला?’

फोनवर गाणी वाजतात, हे खरंच आहे. पण संध्याकाळी अंधेरीला बोरिवली लोकलमध्ये शिरल्यावर काय होतं ते आठवा. बॅग पोटावर, एक हात वरच्या कडीला, दुसरा कुणाच्या तरी पाठीमागे अडकलेला. अशा वेळी खिशातून फोन काढून, तो उघडून गाणं बदलणं जमत नाही. बटणांचा छोटा प्लेअर शर्टाच्या खिशात असला, तर कापडावरूनच अंगठ्याने बटण चाचपता येतं. म्हणून माझ्या लेखी बटणं ही पहिली अट आहे आणि स्क्रीन अगदी शेवटची. शिवाय तिकीट, पैसे, घरचे फोन, सगळं ज्या बॅटरीवर चालतं ती गाण्यांसाठी दिवसभर का झिजवायची? आणि दारात उभं राहून फोन हातात धरणाऱ्यांच्या हातावर रुळांच्या कडेने काठीचा फटका मारून फोन पाडणाऱ्या टोळ्या मुंबईला नव्या नाहीत. फोन बॅगेत राहिलेलाच बरा.

‘असे प्लेअर आता मिळतच नाहीत.’

सोनीचा पहिला वॉकमन 1979 साली आला, अ‍ॅपलने आयपॉड बनवणं मे 2022 मध्ये थांबवलं. त्यामुळे हा प्रकारच संपला असं लोकांना वाटतं. तो संपलेला नाही. वॉकमन या नावाचे डिजिटल प्लेअर अजून निघतात, फक्त ते महाग आहेत. खिशाला अडकवायचे छोटे प्लेअर स्वस्तात मिळतात. आणि ज्याला काटकसर करायची आहे त्याच्यासाठी सगळ्यात चांगला प्लेअर म्हणजे मेमरी कार्ड बसणारा साधा बटणांचा फोन. त्याची बॅटरी कित्येक दिवस टिकते, बिघडला तर कोपऱ्यावरचा मोबाइलवाला दुरुस्त करतो आणि बहुतेकांत एफएम रेडिओही असतो. मात्र यातल्या पुष्कळ फोनांत इअरफोनची वायर हाच एफएमचा अँटेना असतो. म्हणून वायर आणि 3.5 मिलिमीटरचं छिद्र यांना जुनाट म्हणून नाकारू नका.

‘जितकं मोठं कार्ड, तितकं चांगलं.’

इथे थोडा हिशेब करू. 320 केबीपीएस ही एमपी3ची सर्वात वरची पायरी. त्या दर्जाचं चार मिनिटांचं गाणं साधारण दहा एमबी जागा घेतं. म्हणजे 32 जीबीच्या कार्डात तीन हजार गाणी सहज मावतात. ती सलग वाजवली तर दोनशे तास होतात. रोजच्या दोन तासांच्या प्रवासात तीन महिने एकही गाणं पुन्हा ऐकावं लागणार नाही. शिवाय बरेच स्वस्त प्लेअर 32 जीबीच्या पुढचं कार्ड ओळखतच नाहीत, कारण मोठी कार्डं वेगळ्या पद्धतीने फॉरमॅट केलेली येतात.

मी एकदा स्टेशनबाहेरून 128 जीबीचं कार्ड फारच स्वस्तात घेतलं. पहिली काही शे गाणी नीट वाजली, पुढची नावं दिसायची पण आवाज नाही. आत जागा थोडी आणि वर छापलेला आकडा मोठा, असा तो प्रकार होता. तेव्हापासून नवीन कार्ड आधी पूर्ण भरून पाहतो, शेवटची फाइल वाजली तरच ठेवतो.

‘अ‍ॅपमध्ये डाउनलोड केलेली गाणी प्लेअरमध्ये टाकता येतात.’

येत नाहीत. ती कुलूपबंद असतात आणि त्या अ‍ॅपमध्येच उघडतात. स्वतःच्या फाइल लागतात. घरात अभंगांच्या, नाट्यगीतांच्या सीडी पडून असतील तर संगणकावर त्यांच्या एमपी3 करून घ्या. त्याहून चांगला साठा विकत मिळणार नाही. ‘हजार गाणी भरून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. ती चोरीची असतातच, शिवाय 128 केबीपीएसची फाइल 320ची करून दिलेलीही असते. अशाने फाइल फुगते, पण एकदा गेलेला आवाज परत येत नाही.

एक बारीक गोष्ट सांगतो, कारण तिच्यावर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. स्वस्त प्लेअरला देवनागरी नावं वाचता येत नाहीत, तिथे नुसते चौकोन दिसतात. आणि काही प्लेअर गाणी नावाप्रमाणे नाही, तर कार्डात ज्या क्रमाने टाकली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून फाइलचं नाव रोमन लिपीत ठेवा, पुढे 01, 02 असे आकडे घाला आणि गाणी त्याच क्रमाने एकेक टाका. मग भैरवी मैफलीच्या मधेच येणार नाही.

‘डब्यात ऐकू येत नसेल तर आवाज वाढवायचा.’

हा गैरसमज सगळ्यात घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, पण 90 डेसिबलचा फक्त 4 तास. रोज दोन तास मोठ्याने ऐकलं तर मंगळवारीच आठवड्याचा वाटा संपतो. यावरचा उपाय प्लेअरमध्ये नाही, इअरफोनमध्ये आहे. कानात नीट बसणारी, सिलिकॉनच्या टोप्यांची जोडी घ्या. सोबत येणाऱ्या तीन मापांपैकी आपलं कोणतं ते शांतपणे लावून पाहा. बाहेरची खडखड तिथेच बरीच अडते आणि आवाज कमी ठेवूनही शब्द कळतात. प्लेअरवर वाचवलेले पैसे इथे खर्च करा.

आणि गाडीतून उतरताना इअरफोन काढा. घाटकोपरला मेट्रोकडे जाणाऱ्या पुलावरच्या गर्दीत मागून कोण काय ओरडतंय ते कानावर पडायला हवं. रूळ तर ओलांडूच नका. रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि कानात गाणं असताना मागून आलेली गाडी ऐकू येत नाही.